चार बोटं रुंद रेघ

बर्नीने टेबलावर सुरी आडवी ठेवली आणि म्हणाला, "ही रेघ." मग मोहरीची बाटली उचलून तिच्या उजवीकडे ठेवली. "हा डोंगर." केचपची बाटली डावीकडे. "ही नदी. आता बोला, आपण कुठे चाललो होतो?" "डोंगराकडे," वॉल्ट म्हणाला, "सगळ्या गावाला माहीत आहे, बाटल्या कशाला नाचवतोस?" मी कोबी-शेवयांच्या थाळीतून मान वर केली ती उगाच, कोणी बोललं की वर करतात तशी. सुरीची धार माझ्याकडे होती आणि बोथट बाजू मोहरीकडे. मी त्या सुरीकडे बघत राहिलो, आणि माझ्या उजव्या गुडघ्यात एकदम काहीतरी गार शिरल्यासारखं झालं. काल संध्याकाळी पँट धुवायला टाकताना त्या गुडघ्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा दिसला होता. सव्वीस वर्षांत माझ्या गुडघ्याला कधी रंग लागला नव्हता. मी तो डाग अंगठ्याने खरवडला, हा कुठून आला असेल असं वाटलं, आणि पँट यंत्रात टाकून मी जेवायला बसलो. एकटा माणूस डागाचा विचार फार वेळ करत नाही. विचारणारं कोणी नसतं.

रविवार होता. प्रार्थना आटोपून आम्ही नेहमीसारखे स्लोव्हाक क्लबात जमलो होतो. आदल्या दिवशी दुपारी आमच्या शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा संघ दोन गुणांनी हरला होता. आमच्या मैदानावर दिवे नाहीत, त्यामुळे आमचे सामने शनिवारी उन्हातच होतात आणि रविवार त्यांचं श्राद्ध घालण्यात जातो. वरातीमागून घोडे नाचवण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरणार नाही. बर्नी मॅग्रॅडी हा निवृत्त नळवाला, आयुष्यभर तुंबलेल्या मोऱ्या उपसल्यामुळे त्याचा आवाज मोठा आहे. वॉल्ट पास्टोर शांत, पण त्याचा मुलगा वीस वर्षांपूर्वी याच संघातून खेळला, तेव्हापासून वॉल्टला डावपेचातलं कळतं. "चौथा प्रयत्न," बर्नी म्हणत होता, "आणि किती राहिलंय? एक वार. एक! माझी म्हातारी आई थडग्यातून उठून एक वार जाईल. मधून घुसायचं की नाही? पुढच्या सातही जणांनी मुंडकी खाली घालायची आणि ढकलायचं. ते सोडून या नव्या कोचला चेंडू बाहेर फेकायची अवदसा आठवली!" वॉल्टने मान हलवली. "मधे त्यांचे तीन रेडे उभे होते. आपला डावीकडचा पोरगा लंगडत होता. बाहेरून जायचं हेच बरोबर होतं. पोचलाही होता तो." "पोचला होता म्हणूनच म्हणतो!" बर्नीने टेबलावर मूठ आपटली, नदी आडवी झाली. "पोचला होता, आणि त्या आंधळ्या पंचाने, ब्रँडटने, चेंडू मागे ठेवला!" गल्ल्यामागून डॉट म्हणाली, "बाळांनो, बाटली फुटली तर नवी आणून द्यायची." डॉट ऐंशीची आहे. तिच्यासाठी आम्ही सगळे बाळच.

बोलायची माझी पाळी कधी नसतेच, माझ्याकडे लोक शेवटी बघतात. आणि काल तर चेंडू पोचला की नाही ते माप माझ्याच हातांनी घेतलं गेलं होतं. चार प्रयत्नांत दहा वार जायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्याचा, एवढाच हा खेळ आहे, बाकी सगळं बँडवाल्यांचं. ते दहा वार मोजायला दहा वारांची साखळी असते, दोन टोकांना दोन काठ्या, आणि ती धरायला गावातलेच आम्ही तीन-चार म्हातारे, पांढरे सदरे घालून मैदानाच्या कडेला उभे. संशय आला की साखळी आत न्यायची. पण आत नेल्यावर मागची काठी बरोबर कुठे होती ते कोण सांगणार? म्हणून कडेला साखळी लावतानाच, ती जिथे मैदानावर दर पाच वारांना आखलेल्या पांढऱ्या रेघांतल्या जवळच्या रेघेला ओलांडते तिथे एक चिमटा लावून ठेवतात. आत जाऊन चिमटा त्याच रेघेवर टेकवला की दोन्ही काठ्या आपोआप जागेवर येतात. आता रेघ असते चार बोटं रुंद. तेव्हा ठरलेलं आहे, चिमटा रेघेच्या मागच्या कडेला धरायचा, म्हणजे जिकडून आलो तिकडच्या. हा चिमटा माझा. खरं तर आत गेल्यावर तो पंचांपैकी एकाने धरायचा असतो, पण आमच्या मैदानावर तो सव्वीस वर्षं मीच धरतो. पंच येतात, बघतात, आणि म्हणतात, डुर्को आहे ना, मग असू दे. कालही ब्रँडट तेच म्हणाला होता. त्याचा सहकारी पंच खाली वाकत होता, त्याला त्याने हाताने थांबवलं. "सिरिल असला की आपल्याला बघावं लागत नाही," असं म्हणाला. मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं होतं.

वर्षानुवर्षं शेवटच्या बारा मिनिटांत आम्ही नदीकडे जातो. संध्याकाळचं ऊन डोंगराकडे तोंड केलं की डोळ्यांत जातं, म्हणून जुना कोच नेहमी नदीची बाजू राखून ठेवायचा. नदीकडे जाताना मागची कड म्हणजे डोंगराकडची. माझ्या हाताला ते पाठ झालंय, शेवट आला की चिमटा डोंगराच्या कडेला. नव्या कोचला वारा पाठीशी हवा होता. काल आम्ही डोंगराकडे चाललो होतो. कडेला साखळी लावताना मी विचार करून, नीट, नदीकडच्या कडेला चिमटा लावला, ते मला स्वच्छ आठवतं. पण आत मधोमध, चार हजार माणसं उभी राहून ओरडत असताना, मी गुडघा टेकला, आणि बर्नीच्या सुरीपलीकडे मला आता माझा हात दिसत होता. हात आणि गुडघा यांच्यामधे पांढरं होतं. हात रेघेच्या पलीकडे होता. डोंगराकडे. म्हणजे सगळी साखळी चार बोटं पुढे गेली. पुढची काठी रोवली, ब्रँडट वाकला, आणि उठून त्याने दोन बोटं दाखवली. दोन बोटं कमी. चारातून दोन गेले, उरतात दोन. पोरगं पोचलं होतं. दोन बोटं पुढेच पोचलं होतं.

मी एकतीस वर्षं दगडखाणीच्या वजनकाट्यावर काढली. एक खोली, एक खिडकी, खिडकीखाली ट्रक येणार, थांबणार, मी आकडा वाचणार, चिठ्ठीवर सही करणार, ट्रक जाणार. ड्रायव्हरांना माझा हात माहीत होता, तोंड क्वचितच. सरकारी परवाना होता माझ्याकडे, भिंतीवर चौकटीत. एकदा एक रिकामा ट्रक काट्यावर आला तेव्हा मी खिडकीतून म्हटलं, कुत्रा खाली उतरव. ड्रायव्हर चाट पडला. ही गोष्ट या क्लबात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की त्यातला कुत्रा आता वासराएवढा झालाय. माणसाला आयुष्यात एक तरी गोष्ट अचूक येत असेल तर त्याला बाकीच्या नसलेल्या गोष्टी टोचत नाहीत. मला नाचता येत नव्हतं, विनोद सांगता येत नव्हता, स्वतःच्या मुलीशी फोनवर हवापाण्यापलीकडे बोलता येत नव्हतं. पण मोजलेलं चुकायचं नाही. लॉरेन आजारी पडली तेव्हा दर मंगळवारी परिचारिका काटा घेऊन यायची. काट्यावर उभं करायच्या आधी मी सांगायचो, एकशे बारा पौंड. मग एकशे नऊ. एकशे चार. दर वेळी बरोबर. परिचारिका म्हणायची, मिस्टर डुर्को, कमाल आहे तुमची. आणि मी, देवा, मी लाजून हसायचो. लॉरेन काट्यावर उभी राहून माझ्याकडे बघायची. त्या बघण्याचं माप मला कधी घेता आलं नाही. ती गेली त्याला येत्या गुरुवारी दोन वर्षं होतील.

"आणि म्हणून," बर्नी म्हणाला आणि त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, "नुसती बडबड नाही. हे बघा. जिल्ह्याच्या मंडळाला अर्ज. हॅरल्ड ब्रँडटला यादीतून काढा. उन्हाळ्यात त्याच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, माझ्या मेहुणीने सांगितलं, ती तिथेच होती तिच्या मोतीबिंदूसाठी. तो माणूस काचेच्या डबीतून बघितल्यासारखा बघतो. दोन बोटं म्हणे! त्याला स्वतःची दोन बोटं तरी दिसली का?" वॉल्ट हसला. शेजारच्या टेबलावरचेही हसले. कोणीतरी सांगितलं की सामन्यानंतर ब्रँडटच्या गाडीच्या दोन्ही मागच्या चाकांतली हवा गेलेली होती, तो तासभर वाहनतळावर उभा होता आणि कोणी पंप दिला नाही. "चांगलं झालं," बर्नी म्हणाला, पण जरा हळू. मग त्याने कागद माझ्यासमोर सारला, वर पेन ठेवलं. "पहिली सही तुझी, साय. तू तिथे होतास. बाकी आम्ही शंभर जणांनी केल्या तरी ते म्हणतील चाहते आहेत, रडतायत. डुर्कोची सही असली की झालं. तुझ्या सहीला वजन आहे." वजन आहे म्हटल्यावर दोघे-तिघे पुन्हा हसले, आणि मलाही हसावं लागलं.

कागदावर लिहिलं होतं, आम्ही खाली सही करणाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे की मापाच्या वेळी संबंधित पंचाने. पुढचं मी वाचलं नाही. प्रत्यक्ष पाहिलं आहे एवढंच दिसत होतं. एकतीस वर्षांत किती चिठ्ठ्यांवर सह्या केल्या असतील, एकीवरही खोटा आकडा नाही. खाणीचा मालक एकदा खिडकीशी येऊन गोड बोलला होता, एका ट्रकमागे थोडं इकडेतिकडे; त्याला मी खिडकी बंद करून उत्तर दिलं. तेव्हा घरी लॉरेन होती. खिडकी बंद करायला घरी कोणीतरी असावं लागतं. आता माझा आठवडा कसा आहे ते सांगतो. सोमवारी बाकीचं धुणं. मंगळवारी काही नाही. बुधवारी ग्रंथालय, तिथली बाई मला नावाने हाक मारते. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी मासा, इथेच क्लबात. शनिवारी पांढरा सदरा, साखळी, आणि चार हजार माणसं. रविवारी हे टेबल. हे टेबल गेलं तर रविवार मंगळवारसारखा होईल, आणि शनिवार गेला तर मग मोजायला काही उरतच नाही. ब्रँडट दुसऱ्या तालुक्यातला. त्याचं-माझं बोलणं वर्षाकाठी चार वाक्यांचं. सही केली तर त्याला कोण विचारणार आहे, म्हातारा आहे, आज ना उद्या बंद करणारच. या सगळ्याचा मी विचार केला. मी काही साधू नाही. पेन उचललंसुद्धा.

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

कोणी ऐकलं नाही. बर्नी वॉल्टला सांगत होता की जुना कोच असता तर मधूनच घुसला असता. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. "ब्रँडटची नाही. माझी. चिमटा मी चुकीच्या कडेला ठेवला. आपण डोंगराकडे चाललो होतो आणि मी डोंगराची कड धरली. सवयीने. साखळी चार बोटं पुढे गेली. पोरगं पोचलं होतं." सगळे माझ्याकडे वळले. बर्नीचं तोंड उघडं होतं. त्या क्षणी मला वाटलं, संपलं, आता हे उठतील, खुर्च्या मागे सरकतील. भीती वाटली, आणि त्या भीतीच्या तळाशी एक प्रकारचा निवांतपणाही होता, दात उपटल्यावर असतो तसा. मग बर्नी हसायला लागला. पोट धरून. "तू? तू चुकलास? अरे, कुत्र्याचं वजन ओळखणारा माणूस तू!" वॉल्टही हसला, मग मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साय, म्हाताऱ्या पंचाची दया आली म्हणून एवढं? चांगला माणूस आहेस बाबा तू." "गुडघ्याला रंग लागला होता," मी म्हटलं. "गुडघ्याला रंग!" बर्नीने डोळे पुसले. "माझ्या ढुंगणाला काल बाकावरची मोहरी लागली होती, म्हणजे मी काय गुण मिळवले?" सगळं टेबल फिदीफिदी. मी सुरी उचलून दाखवायला लागलो, ही धार नदीकडची समजा. कोणी बघत नव्हतं. मी सांगत राहिलो आणि पालथ्या घड्यावर पाणी. मला चुकायचीही परवानगी नव्हती. त्यांना ब्रँडट हवा होता आणि त्यांना डुर्कोही हवा होता, जसा आहे तसा, भिंतीवर चौकटीत. इतक्या माणसांत बसून इतकं एकटं मला लॉरेनच्या दफनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून रेजिस आत आला. रेजिस हुडाक म्हणजे साखळीची मागची काठी धरणारा, बावीस वर्षं माझ्या शेजारी उभा असलेला माणूस. शनिवारी त्याच्या नातीचं लग्न होतं, इथून दोन-अडीच तासांवर, त्यामुळे बावीस वर्षांत पहिल्यांदा तो सामन्याला नव्हता. त्याच्या जागी शाळेतले विज्ञानाचे मास्तर काठी धरायला आले होते. रेजिसच्या अंगावर अजून लग्नाचा कोट होता, आणि हातात एक मोठा पत्र्याचा डबा. आमच्याकडे लग्नात केकपेक्षा बिस्किटांच्या टेबलाला मान असतो, दोन्हीकडच्या बायका महिनाभर भाजत असतात. उरलेली घेऊन तो आला होता. "घ्या रे, जर्दाळूची संपायच्या आत घ्या," तो म्हणाला. "आणि काय, हरलात म्हणे मी नव्हतो तर!" "ऐक, ऐक, रेजिस," बर्नी ओरडला, "साय म्हणतो सामना त्याने हरवला! चिमटा उलट्या कडेला ठेवला म्हणे!" आणि पुन्हा हसायला लागला, आता रेजिसही हसेल म्हणून त्याच्याकडे बघत.

रेजिस हसला नाही. त्याने डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, पुन्हा लावलं. माझ्याकडे बघितलं नाही. "कॉफी आहे का गं, डॉट?" असं विचारलं. बाकीच्यांचं बिस्किटांकडे लक्ष गेलं आणि बर्नी अक्रोडाचं एक तोंडात कोंबून कोचवर परत आला, म्हणजे एक वार राहिला असताना माणसाने काय करावं यावर. पण मी रेजिसचा चेहरा पाहिला होता. काट्यावरचा आकडा स्थिर व्हायच्या आधीच मला कळायचा, तसं कळलं. मी उठलो आणि त्याला म्हटलं, बाहेर चल. कागद तिथेच राहिला, त्यावर पेन.

त्याची गाडी क्लबामागे उभी होती. आम्ही आत बसलो, तो गाडी सुरू करेना. ऑक्टोबरची थंडी होती, काचेवर आमचाच श्वास जमत होता. "तुला माहीत होतं," मी म्हटलं. "काय?" "रेजिस." तो बराच वेळ स्टिअरिंगवर अंगठा घासत राहिला. "माझा बूट," तो शेवटी म्हणाला. मला कळलं नाही. मग कळायला लागलं, आणि कळू नये असं वाटलं. माप घ्यायला आत गेलं की रेजिस आपली काठी रोवायच्या आधी माझ्यापाशी यायचा आणि रेघेच्या पुढच्या कडेवर बुटाचं टोक टेकवायचा. तो जाडजूड तपकिरी बूट, टोकाला चामडं गेलेला. मी चिडायचो. काढ ते तंगडं, माझ्या बोटांवर पडेल, असं दर वेळी म्हणायचो. तो म्हणायचा, बरं बाबा, आणि काढायचा नाही. मी चिमटा बुटाला लागून टेकवायचो, कारण दुसरीकडे जागाच नसायची. मग तो मागे जायचा. काल विज्ञानाचे मास्तर होते. सभ्य माणूस. माझ्या हाताच्या आसपास त्यांनी पाय आणला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं. "लॉरेन गेली तेव्हापासून. तिला पुरल्यावर दुसऱ्या शनिवारी तू आलास, आठवतं? सगळे म्हणत होते नको येऊस. त्या दिवशी तू चिमटा भलत्याच कडेला नेत होतास. मी पाय घातला." "किती वेळा?" "सोड ना." "किती वेळा, रेजिस?" "सगळ्या वेळी पाय ठेवतो. पण तुझा हात चुकीच्या बाजूला चालला होता असं," त्याने काचेबाहेर बघितलं, "सात वेळा." सात. "आणि नदीकडे जाताना?" मी विचारलं. "दोन्हीकडे," तो म्हणाला, "त्याचं नदी-डोंगराशी काही नाही, साय." मी आत टेबलावर सवयीने म्हटलं होतं. नव्या कोचने दिशा बदलली म्हणून, असा माझा मनातला हिशेब झाला होता. तो हिशेब या माणसाने एका वाक्यात काढून घेतला. काढून घ्यायचा नव्हता त्याला. मीच विचारत होतो. दोन वर्षं मी चार हजार माणसांपुढे अचूक होतो तो एका बुटाच्या आधाराने, आणि त्या बुटाला शिव्या देत होतो. राग आला. मग राग ज्याच्यावर यावा असा कोणी नाही हे लक्षात आलं. "सांगितलं का नाहीस?" "काय सांगू? तू घरी बसला असतास."

मग तो घाईने बोलायला लागला, रेजिस सहसा इतकं बोलत नाही. "बघ, तू सांगितलंस. कोणी मानलं नाही. झालं, तुझ्याकडून फिटलं. सही करू नकोस, बर्नीला मी बघतो, तो कागद मंगळवारपर्यंत कुठेतरी हरवेल. येत्या शनिवारी मी आहे. माझा पाय आहे. कोणाला काही कळायचं कारण नाही." हे सगळं तो इतक्या साधेपणाने म्हणत होता की मला त्याच्याकडे बघवेना. त्याच्या कोटाच्या खिशात लग्नाचं पांढरं फूल अजून होतं, कडेने तपकिरी झालेलं. मी म्हटलं, "मैदानावर ने मला."

मैदानाला कुलूप नसतं. बाकांखाली कागदी पेले वाऱ्याने इकडून तिकडे जात होते, बाकी कोणी नाही. चिमटा माझ्याकडेच असतो, कोटाच्या खिशात, सव्वीस वर्षांत तीनदा स्प्रिंग बदललेला. काल माप घेतलं त्या तीस वारांच्या रेघेपाशी गेलो. माझ्या गुडघ्याची खूण अजून होती, रंग थोडा फाटलेला, आणि ती खूण रेघेवरच होती, जिथे असायला नको तिथे. "तू लांब उभा राहा," मी रेजिसला म्हटलं. "आपण नदीकडे चाललोय. मी चिमटा ठेवतो." तो दहा पावलं मागे गेला, हात खिशात घालून. मी गुडघा टेकला. घाई नव्हती, ओरडणारं कोणी नव्हतं. नदीकडे चाललो, म्हणजे आलो डोंगराकडून, म्हणजे मागची कड डोंगराची. सोपं आहे. पोराला सांगितलं तर कळेल. हात पुढे नेला आणि तो हवेत थांबला, आणि मला बराच वेळ कळेना की का थांबला आहे. मग कळलं. मी रेघेकडे बघतच नव्हतो. मी बूट कधी येतो त्याची वाट बघत होतो.

मी तसाच बसून राहिलो. रेजिस हळूहळू जवळ आला, पण पाय पुढे केला नाही, एवढी अक्कल त्याला आहे. मी उठलो, त्याचा हात धरून उठावं लागलं, आणि उठताना चिमटा त्याच्या तळहातात राहू दिला. तो मुठीत धरून उभा राहिला. "ब्रँडटचा नंबर आहे तुझ्याकडे?" मी विचारलं. होता. काठीवाल्यांकडे पंचांचे नंबर असतात, पाऊस आला तर कळवायला.

मी रेजिसच्याच फोनवरून लावला, आणि तिसऱ्या घंटीला ब्रँडटने उचलला. मागे कुठेतरी टीव्हीवर दुसराच सामना चालू होता, बहुधा एकटाच बघत असावा, कारण आवाज कमी करायला तोच उठला. मी म्हटलं, "मी सिरिल डुर्को. साखळीवाला." "हो, सिरिल," तो म्हणाला, आणि गप्प झाला. शिव्या खायची तयारी करणाऱ्या माणसाचं गप्प असणं मला फोनवरूनही ओळखू आलं. मी सांगितलं. कड, चार बोटं, गुडघ्याचा रंग, सगळं, वजनाची चिठ्ठी वाचून दाखवावी तसं. मंडळाला माझ्या सहीने लिहून पाठवतो असंही सांगितलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे काठी जिथे होती, तिथून चेंडू खरंच दोन बोटं मागे होता?" "होता," मी म्हटलं, "तुम्ही बरोबर बघितलंत." "दोन बोटं." "दोन बोटं." "काल रात्रभर मी," तो म्हणाला आणि थांबला. "बायको म्हणाली आता बंद करा. राजीनामा लिहून ठेवलाय मी, इथे समोरच आहे. अरे, म्हणजे माझे डोळे ठीक आहेत!" आणि तो हसायला लागला, मोठ्याने, एखाद्या पोरासारखा, आणि फोन बाजूला धरून आत कोणाला तरी ओरडून सांगू लागला, मार्था, अगं मार्था, डोळे ठीक आहेत माझे. घरात त्याची बायको होती. मला वाटलं होतं तो एकटा असेल. तो परत आला आणि म्हणाला, "सिरिल, तुझे उपकार कसे फेडू?" आणि पुढच्या शनिवारी भेटू, असंही म्हणाला. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

फोन रेजिसला परत दिला. सूर्य डोंगरामागे गेला होता आणि रेघा आता पांढऱ्या कमी, राखाडी जास्त दिसत होत्या. रेजिसने फोन खिशात टाकला. दुसऱ्या हातातला चिमटाही टाकला, आधी माझ्याकडे बघून, मग न बघता.

"काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"खूश झाला," मी म्हटलं.